आई पुढे बसली की बंद पडणारी गाडी

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि चार ओळींत उरकतात. मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून बदलापूरजवळच्या सोनिवलीला, आमच्या घरी, आले आणि त्यावर लिहायला बसले आहे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. एकटी असते तर पाऊण तास लागला असता. आईला पुढच्या सीटवर बसवून पुढे मामाच्या गावापर्यंत न्यायचं होतं, म्हणून चार दिवस लागले. आमच्या वर्गातली मुलं मला विचारतात, "बाई, तुम्ही भूगोल शिकवता, तुम्ही कुठे कुठे फिरलात?" त्यांना आता सांगायला माझ्याकडे एक प्रवास आहे. त्यात घाट नाही, समुद्र नाही, पण गोंधळ पोटभर आहे.

आधी गाडी का घेतली ते सांगते. मामाच्या धाकट्या मुलाचं, नीलेशचं लग्न ठरलं. मामाचं गाव बदलापूरच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला. रविवारी हळद होती आणि मामाने फोन करून आईला बजावलं होतं, "अक्का, पयली हलद तूच लावाची. पोर तुजेच मांडीवर मोठा झाला." आई फोनवर हो म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून कुठल्याही शुभकार्यात आई मागच्या रांगेत, खांबाच्या आड उभी असते. कोणी तिला तसं सांगत नाही. सुरुवातीला एकदोघींनी सांगितलं होतं, तेवढं तिला पुरलं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की या हळदीला आईला स्वतःच्या गाडीने, पुढच्या सीटवर बसवून, मांडवाच्या तोंडाशी उतरवायचं. नवी गाडी शिक्षिकेच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी शोधली.

गुरुवार : कॅम्प दोन

कॅम्प दोनमध्ये दुकानात दुकान असतं. साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर चष्म्यांचं दुकान, त्याच्या कडेला मोबाइल दुरुस्ती, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कोणाचं तरी घर. हरीकाकांचं घर असंच होतं. सत्तरी ओलांडलेले सिंधी गृहस्थ, कापडाचं दुकान मुलाकडे सोपवलेलं, डोळ्यांना कमी दिसू लागल्यामुळे गाडी विकायला काढलेली. आम्ही जिना चढून गेलो तर आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे आला. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ देतात, पण पापड मी पहिल्यांदाच पाहिला. आईने पापड हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. जेवण नाही, मग पापड कशाशी खायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न.

"खाओ अम्मां, पापड अकेला भी अच्छा लगता है," काका म्हणाले.

भिंतीवर हार घातलेला एका बाईंचा फोटो होता. त्यांच्या पत्नी, कमलाबाई. दीड वर्षापूर्वी गेल्या. तेव्हापासून गाडी तशी उभीच होती, मुलगा मधूनमधून चालू करून गल्लीत एक चक्कर मारायचा तेवढंच.

खाली गाडी पाहिली. पांढरी, छोटी, वयाच्या मानाने नीटनेटकी. सीटकव्हर मात्र झकास. मरून कापड, आणि खाली जमिनीपर्यंत लोंबणारी झालर, तिच्यावर आरशाच्या टिकल्या लावून केलेलं भरतकाम. "कमला ने बनाया," काका म्हणाले. मग त्यांनी मला गाडीची ओळख करून दिली आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. दरवाजा उघडला की आत निळे दिवे लागत. रिव्हर्स टाकला की बासरी वाजे. डावा इंडिकेटर दिला की कधीकधी वायपर फिरे.

"ये ऐसा क्यों?" मी विचारलं.

"पुट, ये शुरू से ऐसा है," काका लेकीला समजवावं तसं, इतक्या शांतपणे म्हणाले की पुढे विचारायची मला लाज वाटली.

काकांच्या सुनेने गाडीला ओवाळलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आई लांब, चष्म्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी. मी हाक मारली तर तिने मान हलवली. मी डॅशबोर्डवर माझा पितळी गणपती चिकटवला. पुढच्या सीटवर नारळ, पेढे आणि ओवाळणीचं ताट आलं, त्यामुळे आई मागे बसली. तिला तेच हवं होतं.

निघताना काका खिडकीत वाकले. "सब बता दिया, साईं. कुछ भूला होगा तो फोन करना."

गुरुवार दुपार : अंबरनाथ

नवी गाडी आधी शंकराच्या पायावर घालायची, असं आईचं मत. अंबरनाथच्या जुन्या देवळापर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. फक्त प्रत्येक स्पीडब्रेकरला आपोआप एक सिंधी भजन सुरू व्हायचं आणि पुढच्या स्पीडब्रेकरला बंद पडायचं. कल्याण-बदलापूर रस्त्यावर स्पीडब्रेकर किती आहेत हे मला त्या दिवशी भजनांवरून कळलं.

मे महिन्याचं ऊन. देवळाचा काळा दगड एवढा तापलेला की आम्ही प्रदक्षिणा पळत घातली. बाहेर आल्यावर मी ताट मागे ठेवलं आणि पुढचा दरवाजा उघडला. "आता इथे बस."

"मी मागंच बरी."

"मी काय ड्रायव्हर आहे का तुझी? पुढे बस."

आई बसली. बसण्याआधी तिने चपला काढल्या.

"चपला कशाला काढतेस? गाडी आहे ती."

"देवाचे म्होरं चपला घालून बसतान का?" गणपतीकडे बोट दाखवत ती म्हणाली. आईची बोली माहेरची, आगरी. ड च्या जागी तिचा र येतो आणि वाद घालताना तो जास्तच येतो. चपला तिने बाहेर ठेवल्या असत्या तर गेल्याच असत्या, म्हणून सीटखाली सरकवल्या, पाय पोटाशी घेतल्यासारखे केले आणि मांडीवर पर्स धरून परीक्षेला बसल्यासारखी बसली.

मी चावी फिरवली. इंजिन घरघरलं, पण उचलेना. पुन्हा फिरवली. घर्र घर्र घर्र. फुलवाल्या मावशी बघायला लागल्या. एक रिक्षावाला आला, त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. "साहेब कुठे आहेत?"

"कोणते साहेब?"

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

मग त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाला, "धक्का मारू या. आजींना उतरवा."

आई उतरली, वाकून चपला काढल्या, घातल्या, सावलीत जाऊन उभी राहिली. धक्का मारायच्या आधी म्हणून मी सहज चावी फिरवली. गाडी चालू! मी आनंदाने हॉर्न वाजवला, तर वायपर फिरले. आई परत येऊन बसली. मी गिअर टाकला, गाडी दहा पावलं गेली, आचका दिला आणि बंद.

हे तीन वेळा झालं. आई उतरली की चालू, आई बसली की बंद. तिसऱ्यांदा रिक्षावाला नुसता आईकडे बघत राहिला. मी भूगोल शिकवते. भरती का येते, वारे का वाहतात, पाऊस डोंगराच्या एकाच बाजूला का पडतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मुलांना छातीठोकपणे सांगते. त्या दिवशी देवळासमोर उन्हात उभी राहून मला एकही कारण सुचेना.

रिक्षावाल्यानेच शब्बीरभाईंचं नाव सांगितलं. रस्त्याला लागूनच एक टपरीवजा गाळा, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची चळत, आत एका खुर्चीवर चहाचा ग्लास घेतलेले पन्नाशीचे शब्बीरभाई. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांच्या वायरी यांच्या हाताखालून गेलेल्या. आईला रिक्षात बसवून मी एकटीने गाडी तिथवर चालवत नेली. अर्थात ती बिनतक्रार चालली. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन टोकांना चिमटे लावलेला बल्ब घेऊन इकडे-तिकडे टेकवला, मग डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं आणि आतून म्हणाले, "मॅडम, इसमें तो पूरा शादी का लायटिंग है."

"पण बंद का पडते?"

"अर्थिंग का लोचा है."

अर्थिंग म्हणजे काय हे मी विचारलं. त्यांनी हाताने एक गोल काढला आणि तो हवेत सोडून दिला. मी समजल्यासारखी मान डोलावली. पुढच्या दोन दिवसांत मी ही मान इतक्या वेळा डोलावली की ती दुखायला लागली.

गाडी तिथेच ठेवून आम्ही शेअर रिक्षाने घरी आलो. रिक्षा एकदाही बंद पडली नाही, हे आईने वाटेत दोनदा बोलून दाखवलं.

शुक्रवार : चिखलोलीच्या अलीकडे

सकाळी शब्बीरभाईंचा फोन आला. "एकदम मस्त हो गई. मैं खुद बदलापूर तक मारके आया." रिले बदलला, फ्यूज बदलला, एक वायर उंदराने कुरतडलेली होती, ती जोडली. वायपर आता डाव्या इंडिकेटरला फिरत नाही. उजव्या इंडिकेटरला फिरतो, पण ते सोमवारी बघू.

मी आईला बरोबर घेऊन गेले. ती नको म्हणत होती, पण मला तिच्या डोक्यात जे शिरू पाहत होतं ते वेळेत बाहेर काढायचं होतं. शब्बीरभाईंनी गाडी रस्त्यावर काढून चालू करून दिली. आई पुढे बसली, चपला सीटखाली, पर्स मांडीवर. गाडी निघाली. उजव्या हाताला मलंगगडाची रांग उन्हात धुरकट दिसत होती. मी म्हणाले, "बघ आई," आणि एवढ्यात गाडी उचकी देऊन गॅरेजपासून शंभर पावलांवर बंद.

शब्बीरभाई हात पुसत चालत आले. मग त्यांनी जे केलं त्याला आमच्या शाळेत प्रयोग म्हणतात. आईला उतरवलं. गाडी चालू. ते आईच्या जागी बसले, मी चालवली, चिखलोलीच्या अलीकडे वळून परत आलो. काही नाही, भजनसुद्धा वेळेवर. मग मी आईच्या जागी बसले, त्यांनी चालवली. काही नाही. मग आई बसली. बंद. आई उतरली. चालू.

शब्बीरभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. मशीन का जो था, मैंने देखा. ये मामला मशीन का नहीं लगता. अम्मां के हाथ से एक निंबू उतरवा लो."

हळू आवाज त्यांनी काढला, पण तो गॅरेजवाल्याचा हळू आवाज. दिवसभर इंजिनच्या वर बोलायची सवय. आईने ऐकलं. पदर सावरला, रस्ता ओलांडला आणि रिक्षाला हात केला.

मी धावत गेले. "आई, काहीतरी वायरीचं आहे गं. तो माणूस मूर्ख आहे."

"मागं बसले तवा चालली," आई म्हणाली. "म्होरं आले तवा बंद परली. देवच सांगते ना बाय, म्होरं येव नको."

"देव वायरिंग करत नाही."

"नीलेसचे हलदीला मी नाय येनार. तिथं म्होरं ऱ्हावा लागल. पांढरे पायांची मानसं मांडवान म्होरं नसतान."

हा शब्द, पांढऱ्या पायाची, बाबा गेल्यावर तिच्या सासरच्या एका बाईने वापरला होता. मी तेव्हा चहा गाळत होते, मला आठवतं. नऊ वर्षांत आईच्या तोंडून मी तो कधी ऐकला नव्हता. आज कळलं की तो तिने जपून ठेवला होता. मला इतका राग आला, की कोणावर काढावा तेच समजेना. गाडीवर, शब्बीरभाईंवर, त्या बाईवर, का माझ्यावर? तिला पुढे बस म्हणून हट्ट मीच केला होता. मागे बसू दिलं असतं तर ती हळदीला तरी गेली असती. रिक्षा निघून गेली आणि मी गाडीत बसून चक्क रडले. निळे दिवे चालू होते.

संध्याकाळी आईने मामाला फोन केला. गुडघा दुखतो म्हणाली. मामा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण आईने फोन कानापासून जरा लांब धरला होता.

शनिवार : पुन्हा कॅम्प दोन

शनिवारी सकाळी मी गाडी परत द्यायला निघाले. पैशांचं काय होईल ते होवो, ही गाडी मला दारात नको होती. सोनिवली ते कॅम्प दोन गाडी अशी धावली, की जणू तिला माझा मुद्दा खोटा पाडायचा होता. वाटेत मी वाक्यं पाठ करत होते. "काका, गाडी चांगली आहे, पण आम्हाला लाभत नाही." लाभत नाही! मी, भूगोलाची शिक्षिका, हे वाक्य बोलणार होते.

जिना चढले. पाणी आणि पापड. शेजारून दाल-पकवान मागवलं, ते नको म्हटलं तरी आलं. कुरकुरीत पुरीवर घट्ट डाळ, वर कांदा आणि चिंचेचं पाणी. भांडायला आलेल्या माणसाने असं चविष्ट काही खाऊ नये, सगळी धार जाते.

"अम्मां नहीं आई?" काकांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. पाठ केलेलं राहिलं बाजूला, भलतंच बोलून गेले. आई बसली की बंद, उतरली की चालू, शब्बीरभाईंचं लिंबू, पांढरे पाय, हळद. ऐकता ऐकता काका पुढे सरकून बसले.

"किधर बैठती हैं?"

"पुढे. डावीकडे."

"और नीचे हाथ डालती हैं? सीट के नीचे?"

"हात कशाला घालेल? चपला ठेवते. गणपती आहे ना समोर."

काकांनी कपाळावर हात मारला. आधी हसले, मग हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मला वाटलं आता यांनाच काही झालं. "चल पुट, नीचे चल," म्हणून जिना उतरायला लागले. मी त्यांचा हात धरला.

गाडीच्या डाव्या दरवाजाशी ते कष्टाने गुडघ्यावर बसले आणि सीटची आरशांची झालर वर केली. खाली, सीटच्या लोखंडी चौकटीला, बोटाच्या पेराएवढी एक दांडी खाली लोंबत होती. त्यांनी ती आत ढकलली. टिक्. मला म्हणाले, चालू कर. घर्र घर्र घर्र. त्यांनी दांडी पुढे ओढली. टिक्. गाडी पहिल्या फटक्यात चालू.

"चोर-स्विच," काका म्हणाले. "पेट्रोल का पंप बंद कर देता है."

खूप वर्षांपूर्वी त्यांची पहिली गाडी याच बाजारातून भरदिवसा चोरीला गेली होती. ही घेतली तेव्हा त्यांनी हा छुपा स्विच बसवून घेतला. "मैंने मिस्त्री को बोला, मेरी तरफ लगा. कमला बोली, तुम भूल जाओगे, मेरी तरफ लगाओ." तेव्हापासून दोघं निघाले की कमलाबाई बसायच्या, हात खाली घालायच्या, टिक्. उतरताना पुन्हा टिक्. काका जमिनीवरच बसून राहिले होते. "मुझे याद ही नहीं था कि गाड़ी में ऐसा कोई बटन है. मेरे लिए तो कमला बैठती थी और गाड़ी चालू होती थी. बस."

मी म्हणाले, "पण मग दीड वर्ष तुमचा मुलगा कशी चालू करत होता?"

काका थोडा वेळ झालरीच्या टिकल्या चाचपत राहिले. "आखरी बार कमला को हॉस्पिटल ले गया था. उतरते टाइम बंद नहीं किया उसने. तब से चालू ही था."

भर बाजारात, माणसं आमच्या अंगावरून वाट काढत होती, आणि आम्ही दोघं एका दांडीकडे बघत होतो. आई चपला आत सरकवायची तेव्हा ती दांडी मागे जायची, ओढून काढायची तेव्हा पुढे यायची. शब्बीरभाई आणि मी पायताणं घालूनच बसलो होतो. गणपतीला आमच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. झालरीमुळे कोणाला काही दिसलं नाही, एवढंच. कारण होतं. साधं, बोटाच्या पेराएवढं कारण होतं.

गाडी परत द्यायची गोष्ट मी काढलीच नाही. काकांनी जाताना पापडांचं एक पुडकं दिलं. "अम्मां को बोलना, अकेला भी अच्छा लगता है."

शनिवार दुपार : सोनिवली

आईचा माझ्यावर विश्वास बसला नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून पोरगी थाप मारते, असा तिचा चेहरा. शेवटी ओढतच खाली पार्किंगमध्ये आणली. चंदेरीच्या सुळक्यावर ऊन टेकलं होतं आणि आमच्या इमारतीतल्या दोघीजणी गच्चीवरचे वाळवणाचे कुरडया-पापड राखत वरून बघत होत्या.

आई बाहेरूनच वाकली, दांडी मागे केली. "लाव." घर्र घर्र. दांडी पुढे. "लाव." चालू. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग ती आत बसली. अनवाणी. चपला हातात. गाडी चालू. हळूच चपला खाली सरकवल्या. बंद. ओढल्या. चालू. हे तिने इतक्या वेळा केलं की वॉचमन विचारायला आला.

"म्हंजी मी नाय," आई म्हणाली. "चपला."

"चपला."

"आनी तो मानूस लिंबू उतरवत व्हता!" आता तिला राग आला. मला इतका आनंद झाला त्या रागाचा. मग मी तिला कमलाबाईंबद्दल सांगितलं, शेवटचा दवाखान्याचा प्रवासही सांगितला. आईने झालर पुन्हा नीट खाली सोडली आणि वरून हात फिरवून सारखी केली.

"सोमवारी शब्बीरभाईंना सांगून तो स्विच काढून टाकू," मी म्हणाले.

"कला काराचा?" म्हणजे, कशाला काढायचा? "ऱ्हाऊ दे. उतरताना मी बंद करन."

मग वर जाऊन तिने मामाला फोन केला. गुडघा बरा झाला म्हणाली.

रविवार : मामाचं गाव

आई पुढे बसली. हिरवट पिवळी साडी, ट्रंकेतून काढलेली. चपला आता पायांशी, समोर. हात झालरीखाली गेला. टिक्. "लाव चावी." मोठ्या साहेबाने हुकूम द्यावा तसा.

धरणाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभळं विकायला बसलेल्या बायका. पळसाच्या पानांच्या द्रोणात काळीभोर जांभळं. आम्ही दोन द्रोण घेतले, आणि आईने त्यातला एक पाच मिनिटांत संपवला. जीभ जांभळी. उजवा इंडिकेटर दिला, वायपर फिरले. दोघीही हसलो.

मामाच्या दारात मांडव, गल्ली अरुंद. मी गाडी ठरल्याप्रमाणे मांडवाच्या अगदी तोंडाशी उभी केली. उतरताना टिक् झालं, मी ऐकलं. मामा धावत आला, त्याने आईचा हात धरला आणि सरळ आत नेलं. मांडवाच्या खांबापाशी आई थबकली, तो खांब तिचा ओळखीचा. मामाने हात सोडला नाही. पाटावर नीलेश, समोर हळदीची परात. आईने बोटं बुडवली, थांबली, आणि मग दोन्ही तळहात भरून त्याच्या गालांना, दंडांना, पाठीला अशी हळद चोळली, की नीलेश ओरडला, "आत्या, जरा सावकास!" बायका हसल्या, आणि कोणीतरी आईच्या गालालाही हळद लावली. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला बघवेना.

वाट अडली तर गाडी हलवता यावी म्हणून मी चावी मामाच्या थोरल्या मुलाला, रमेशला दिली आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं घेऊन बसले. अर्ध्या जेवणात रमेश आला. हळदीत वाजवायला आलेल्या बेंजोवाल्यांचा टेम्पो गाडीमुळे गल्लीत अडकला होता, आणि गाडी काही चालू होईना.

"ताई, बॅटरी गेली बहुतेक. चौघांनी धक्का मारला."

मी हात धुवायला उठले. दोन मिनिटांचं काम होतं, झालर उचलायची आणि टिक्. उभी राहिले होते, तशीच पुन्हा बसले.

"माझ्याने नाही होणार," मी म्हणाले. "आत्याला बोलव."

"आत्याला? गाडीला?"

"आत्यालाच."

रमेश मांडवात ओरडला, "अगं आत्याला बोलवा, आत्याशिवाय गाडी नाय हालत!" आतून तेच वाक्य पुढे पुढे गेलं. आई बाहेर आली. कोपरापर्यंत पिवळी, गाल पिवळे. बेंजोवाले, टेम्पोवाला, धक्का मारून घामाघूम झालेले चौघे, सगळे बाजूला झाले. आई पुढच्या सीटवर बसली, माझ्याकडे एकदा पाहिलं, कपाळावरचा घाम पुसण्याच्या निमित्ताने हसू लपवलं, आणि हात खाली घातला. झालरीच्या टिकल्यांवर हळदीची पाच बोटं उमटली.

"लाव रं चावी."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. टेम्पोवाला तोंड वासून बघत होता. खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "आजी, काय झालेलं हिला?"

"काय नाय," आई म्हणाली. "मी नव्हते ना गारीन."